जोडण्यांची गणती पुरेशी नाही : शाश्वत ऊर्जेची प्रगती शेताच्या बांधावर मोजू या

२८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग या डोंगराळ गावी वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे घोषित करण्यात आले. दुर्गम भागांत खांब आणि तारा पोहोचवणाऱ्या सर्वांना या घटनेचा सार्थ अभिमान वाटला. तरीही विस्तारकार्यात काम करणाऱ्यांनी त्या घोषणेमागील व्याख्या एकदा शांतपणे वाचावी, असे सुचवावेसे वाटते. २००४ पासून लागू असलेल्या त्या व्याख्येनुसार गावातील वस्तीत रोहित्र व वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज असावी आणि एकूण घरांपैकी किमान १० टक्के घरांना जोडणी मिळालेली असावी, एवढे पुरेसे होते. उरलेल्या ९० टक्के घरांत अंधार असला तरी कागदावर ते गाव विद्युतीकृतच होते. १९९७ पूर्वीची व्याख्या तर याहून उदार होती. गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली, की गाव विद्युतीकृत मानले जाई. एका विहिरीवर एक मोटार चालू झाली तरी ते पुरेसे ठरत असे.

या व्याख्या करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जेथे वीज मुळीच नव्हती, तेथे पहिला खांब हीच प्रगती होती. पुढे 'सौभाग्य' योजनेतून घराघरांतील जोडणीकडे लक्ष वळले, हेही योग्यच झाले. मुद्दा एवढाच, की आपण जे मोजतो तेच आपण साध्य करतो आणि जे मोजत नाही ते हळूहळू दृष्टीआड होते. आज ग्रामीण ऊर्जेचा केंद्रबिंदू घरातील दिव्याकडून शेतातील पंपाकडे सरकत असताना हीच चूक नव्याने होण्याचा धोका आहे. बसवलेल्या पंपांची संख्या म्हणजे प्रगती, असे मानणे सोयीचे आहे. माझ्या मते ते अपुरे आहे आणि काही भागांत दिशाभूल करणारेही आहे.

जगाने काय मोजायचे ठरवले

शाश्वत ऊर्जाविकास मोजण्याचा विचार नवा नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक विभागासह अन्य संस्थांच्या सहकार्याने २००५ मध्ये ३० निर्देशकांचा एक संच प्रसिद्ध केला. त्यांपैकी ४ सामाजिक, १६ आर्थिक आणि १० पर्यावरणीय आहेत. कृषिक्षेत्राची ऊर्जा-तीव्रता, म्हणजे शेतीतील मूल्यवर्धनाच्या प्रत्येक एककामागे खर्च होणारी ऊर्जा, हा त्यांपैकीच एक. २०१५ मध्ये स्वीकारलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सातवे उद्दिष्ट ऊर्जेचे आहे. परवडणारी, विश्वसनीय आणि आधुनिक ऊर्जा सर्वांना मिळावी, नवीकरणीय ऊर्जेचा वाटा वाढावा आणि ऊर्जा-कार्यक्षमता सुधारण्याचा वेग २०३० पर्यंत दुप्पट व्हावा, असे ते सांगते.

येथे 'परवडणारी' आणि 'विश्वसनीय' ही दोन विशेषणे महत्त्वाची आहेत. परंतु या उद्दिष्टाचे वीजविषयक जागतिक मोजमाप होते ते वीज उपलब्ध असलेल्या लोकसंख्येच्या टक्केवारीने. विशेषणे ध्येयवाक्यात राहतात आणि तक्त्यात पोहोचेपर्यंत गळून पडतात. ही उणीव ओळखून जागतिक बँकेच्या ऊर्जाविषयक कार्यक्रमाने २०१५ मध्ये शून्य ते पाच अशा पायऱ्यांची पद्धत मांडली. वीज किती क्षमतेची, दिवसात किती तास, किती वेळा खंडित होणारी, दाब योग्य असलेली, परवडणारी आणि सुरक्षित आहे का, हे प्रश्न तिने विचारले. शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. रात्री दोन वाजता पाण्याची पाळी देण्यासाठी साप-विंचवांच्या वाटेने जावे लागणे आणि दिवसा सलग आठ तास थ्री फेज वीज मिळणे, यांतील फरक तो रोज अनुभवतो. आपल्या नोंदींत मात्र दोन्ही ठिकाणी 'जोडणी : आहे' एवढेच लिहिलेले असते.

स्वयंपाकघरातील धडा

गणती आणि वापर यांतील अंतर किती मोठे असू शकते, हे स्वयंपाकाच्या इंधनाने दाखवून दिले आहे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि काही वर्षांतच गॅसजोडण्यांचे प्रमाण जवळजवळ संपूर्ण कुटुंबसंख्येपर्यंत गेले. नीती आयोगाच्या २०२०-२१ च्या शाश्वत विकास निर्देशांकात ऊर्जेसाठी दोनच निर्देशक होते : विद्युतीकृत कुटुंबांची टक्केवारी आणि कुटुंबसंख्येच्या तुलनेत गॅसजोडण्यांची टक्केवारी. दोन्हींत बहुतेक राज्यांची कामगिरी उत्तम दिसली. त्याच सुमारास, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मात्र वेगळा प्रश्न विचारला गेला : स्वयंपाक प्रामुख्याने कशावर होतो? ग्रामीण भागात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी कुटुंबे ४३.२ टक्केच आढळली.

दोन्ही आकडे खरे आहेत. पहिला सिलिंडर पोहोचल्याचे सांगतो, दुसरा चुलीत अजून सरपण आणि गोवऱ्या जळत असल्याचे सांगतो. धोरणाला पहिला आकडा सुखावतो, पण घरातील स्त्रीच्या फुप्फुसांना दुसराच आकडा लागू पडतो. याआधी १९८० च्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चूल कार्यक्रमातही हेच घडले होते. तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या, परंतु त्यांपैकी अनेक लवकरच तुटल्या किंवा वापराविना पडून राहिल्या. वाटपाचे उद्दिष्ट पूर्ण झाले, धूर मात्र राहिला.

एक पंप, दोन अर्थ

आता शेताकडे वळू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेने स्वतंत्र सौरपंप, वीजजोडणी असलेल्या पंपांचे सौरीकरण आणि शेतजमिनीवरील लहान सौरप्रकल्प असे तीन मार्ग खुले केले. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२४ पासूनची मागेल त्याला सौर कृषी पंप योजना यांनी या कामाला वेग दिला आहे. दिवसा पाणी देता येणे हा शेतकऱ्याच्या आयुष्यातील मोठा दिलासा आहे. या योजनांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. म्हणूनच त्यांचे मोजमाप अधिक काटेकोर असावे, असा आग्रह धरतो.

एक साधे गणित करू. एक हेक्टर क्षेत्राला ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची, तर ५०० घनमीटर पाणी लागते. एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवण्यास, काहीही वाया गेले नाही असे मानले तरी, सुमारे ०.२७ युनिट ऊर्जा लागते. मोटार, पंप आणि जलवाहिनी यांची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर १०० मीटर खोल कूपनलिकेतून ही एक पाळी देण्यास सुमारे ३४० युनिट खर्च होतील. पाणी १० मीटरवर असेल, तर तेच काम सुमारे ३४ युनिटांत होईल. पीक, क्षेत्र आणि पाणी तेवढेच असताना ऊर्जा मात्र दहापट लागते.

हे अंतर केवळ कल्पनेतले नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार देशपातळीवर उपसायोग्य भूजलापैकी सुमारे ५९ टक्के पाणी दरवर्षी उपसले जाते. पण पंजाब, राजस्थान आणि हरयाणा या राज्यांत हे प्रमाण १०० टक्क्यांहून बरेच अधिक आहे, बिहारमध्ये ते निम्म्याहून कमी आहे आणि आसामात त्याहूनही पुष्कळ कमी. बिहारच्या मैदानात पाणी उथळ आहे, पण ते उपसण्यासाठी अनेक लहान शेतकऱ्यांना डिझेल इंजिनाचे महागडे भाडे मोजावे लागते. तेथे डिझेलची जागा घेणारा सौरपंप खर्च कमी करतो, उत्पन्न वाढवतो आणि प्रत्येक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वाचवतो. तोच पंप अतिशोषित क्षेत्रात, पूर्वीच्या उपशावर भर म्हणून बसला, तर पाणी आणखी खोल नेईल आणि शेजारच्या लहान शेतकऱ्याची उथळ विहीर कोरडी पाडील. ऊर्जा स्वच्छ असेल, पण विकास शाश्वत नसेल. आपल्या अहवालात मात्र दोन्ही ठिकाणी 'एक पंप बसवला' एवढीच नोंद होते.

कुसुम योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत या धोक्याची दखल घेतलेली आहे. अतिशोषित क्षेत्रात नव्या पंपांना केंद्रीय साहाय्य नाही. तेथे अस्तित्वात असलेला डिझेल पंपच, तोही सूक्ष्म सिंचनाच्या अटीवर, बदलता येतो. नियम चांगला आहे. पण ठिबक संच बसल्यानंतर तो दोन हंगामांनी चालू आहे का आणि विहिरीची पातळी कोठे आहे, हे कोणी मोजत नसेल, तर नियम कागदावरच राहतो.

उन्हाचे किती दिवस वाया जातात?

पाच अश्वशक्तीच्या सौरपंपाला साधारणतः पाच किलोवॅटच्या आसपास सौर पॅनेल लागतात. चांगल्या उन्हाच्या दिवशी ती ढोबळमानाने २० युनिट वीज निर्माण करू शकतात. वर्षात असे ३०० दिवस धरले, तर ६,००० युनिट झाले. समजा, शेतकऱ्याला सिंचनासाठी पंप १२० दिवसच लागतो. मग २,४०० युनिट वापरले जातील आणि ३,६०० युनिट, म्हणजे निर्माण होऊ शकणाऱ्या विजेच्या ६० टक्के, उन्हात विरून जातील. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या साधनाचा हा अपव्यय कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

यावर उपाय अधिक पाणी उपसणे हा खचितच नव्हे. सर्वोपयोगी नियंत्रक बसवला, तर त्याच पॅनेलवर कडबाकुट्टी, पिठाची गिरणी किंवा शीतकरणाचे यंत्र चालवता येते. जेथे वीजजाळे आहे, तेथे शिल्लक वीज विकता येते. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी येथे सहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली आणि २०१६ पासून आपली शिल्लक वीज वितरण कंपनीला विकण्यास प्रारंभ केला. विजेला भाव मिळाला, की पाण्याचा अनावश्यक उपसा म्हणजे स्वतःच्या उत्पन्नाचे नुकसान ठरते. या छोट्या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या आकारात नाही. पाणी वाचवणे आणि पैसे मिळवणे या दोन गोष्टी त्याने एका मीटरवर आणल्या, यात ते आहे.

सौरपंपाचे पॅनेल साधारणपणे पंचवीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते, तर योजनेतील पुरवठादाराची देखभालीची जबाबदारी पाच वर्षांची असते. म्हणून खरी परीक्षा सहाव्या वर्षी आहे. त्या वर्षी नियंत्रक जळाला, तर दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत आणि किती खर्चात? पंप बसवल्याचे छायाचित्र प्रत्येक फाइलीत असते. सहाव्या वर्षीचे छायाचित्र मागण्याची प्रथा आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

मीटरची भीती

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. मोजायचे म्हणजे मीटर लावायचा आणि मीटर म्हणजे आज ना उद्या बिल, अशी शेतकऱ्याची भीती आहे. ती निराधार नाही. कृषिपंपांच्या थकबाकीचे आणि जोडणी तोडण्याचे अनुभव गावोगावी आहेत. परंतु मीटर नसल्याने शेतकऱ्याचेही नुकसान होते. बहुसंख्य पंप मीटरविना असल्यामुळे शेतीचा वीजवापर अंदाजाने ठरतो. वितरणातील गळती आणि चोरीही त्या अंदाजात मिसळली जाण्याची शक्यता राहते आणि अनुदानाचा ठपका मात्र शेतकऱ्यावर येतो. वर उल्लेखलेली कृषी ऊर्जा-तीव्रता आपल्याकडे विश्वासाने काढता येत नाही, याचे हेही एक कारण आहे.

मीटर हे दंडाचे साधन न राहता लाभाचे साधन होऊ शकते. पंजाबने २०१८ मध्ये 'पानी बचाओ, पैसा कमाओ' ही ऐच्छिक योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. सहभागी शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा दिला गेला आणि त्यातील न वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे ४ रुपये देण्याचे ठरले. योजनेतील सौरपंपांवर दूरस्थ निरीक्षणाची यंत्रणा बसवणे आधीच बंधनकारक आहे, म्हणजे पंप किती चालला, किती वीज निर्माण झाली याची माहिती गोळा होतच असते. ती शेतकऱ्याला त्याच्या भाषेत, त्याच्या मोबाइलवर मिळावी. ज्याच्या शेतातील माहिती आहे, त्याला ती सर्वांत आधी दिसली पाहिजे.

गावाची ऊर्जा-नोंदवही

मोठ्या सर्वेक्षणांची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक कृषी विज्ञान केंद्राने आणि विस्तार कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रातील एका गावात दहा पंप आणि दहा स्वयंपाकघरे निवडावीत आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात, पुढील पाच प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत.

१. चालू आहे का? दहांपैकी किती पंप आज प्रत्यक्ष चालू आहेत? मागील बिघाड किती दिवसांत दुरुस्त झाला?

२. केव्हा आणि किती? मागील आठवड्यात दिवसा किती तास पूर्ण दाबाची वीज किंवा पुरेसे सौरपाणी मिळाले? रात्री किती वेळा शेतात जावे लागले?

३. एका पाळीचा खर्च किती? डिझेल, वीज, भाडे आणि दुरुस्ती धरून एक एकराला एकदा पाणी देण्यास किती रुपये लागले? शक्य तेथे कार्यक्षमताही तपासावी. त्यासाठी २०० लिटरचे पिंप आणि घड्याळ पुरते. पिंप ४० सेकंदांत भरले, तर प्रवाह सेकंदाला ५ लिटर. पाणी एकूण ३० मीटर चढत असेल, तर उपयोगी पडलेली शक्ती सुमारे दीड किलोवॅट. मोटार साडेचार किलोवॅट घेत असेल, तर दोन तृतीयांश ऊर्जा वाया जात आहे. पंपाची निवड, झिजलेला इंपेलर, निमुळती जलवाहिनी, अनावश्यक बेंड यांपैकी दोष कोठे आहे, हे शोधण्याचा क्षण तोच.

४. पाणी कोठे आहे? दोरीला वजन बांधून विहिरीतील पातळी मोजावी. कूपनलिकेत ते शक्य नसेल, तर जवळच्या निरीक्षण विहिरीची नोंद घ्यावी. एका वर्षीची घट पावसामुळे असू शकते, म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी किमान तीन वर्षांच्या मे महिन्यांची तुलना करावी.

५. लाभ कोणाला? पंपधारकांत दोन एकरांखालील शेतकरी किती, स्त्रियांच्या नावावर किती, आणि शेजाऱ्याला पाणी कोणत्या दराने मिळते? स्वयंपाकघरात मागील सात दिवसांपैकी किती दिवस गॅसवर, किती दिवस चुलीवर अन्न शिजले?

विस्तार कार्यकर्त्यांवर आधीच अहवालांचा भार आहे, याची मला जाणीव आहे. म्हणूनच हा आणखी एक तक्ता ठरू नये. वरिष्ठांनी जुन्या तक्त्यातील दोन रकाने कमी करून यासाठी जागा करावी. आणि या नोंदींतून गावांची स्पर्धा लावू नये. ज्या दिवशी बंद पंपाची नोंद केल्याबद्दल कार्यकर्त्याला जाब विचारला जाईल, त्या दिवसापासून सर्व पंप कागदावर चालू दिसतील. प्रतिकूल आकडा प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला संरक्षण मिळाले, तरच मोजमापाला अर्थ राहील.

प्रगतिशील शेतकरी बांधवांनी तर कोणाच्या आदेशाची वाट पाहू नये. पिंप, घड्याळ, दोरी आणि वही एवढ्यावर हे काम आजच सुरू होते. दोन वर्षांची नोंद हाती असलेला शेतकरी पुरवठादाराशी, वितरण कंपनीशी आणि ग्रामसभेत अधिक ठामपणे बोलू शकतो. 'वीज नीट मिळत नाही' या तक्रारीपेक्षा 'मागील महिन्यात अठरा दिवस दाब अपुरा होता' हे विधान दुर्लक्षित करणे अवघड असते.

२०३० फार दूर नाही. त्या वर्षी आपण किती लाख पंप बसवले, हा आकडा नक्कीच मोठा असेल आणि तो सांगितलाही जाईल. त्याच्या शेजारी आणखी तीन आकडे असावेत, अशी माझी अपेक्षा आहे : त्यांपैकी किती पंप चालू आहेत, एका पाळीचा खर्च किती उतरला, आणि मे महिन्यात विहिरीत पाणी किती हातांवर आहे. हे तीन आकडे पहिल्या आकड्याला साथ देत असतील, तर ती प्रगती खरी. ते आकडे गोळा करण्याचे काम राजधानीत होणार नाही. ते आपल्यालाच, बांधावर उभे राहून करावे लागेल.